ऑर्विलची काठी

फेब्रुवारीचा हिशेब मी तिसऱ्यांदा केला आणि तिसऱ्यांदाही तीनशे बारा गॅलन पेट्रोल कमीच भरलं.

आमच्या ऑल्डन बे शहराच्या सगळ्या गाड्या यार्डातल्या एकाच टाकीवर जगतात. पोलिसांच्या गाड्या, मीटर वाचणाऱ्यांच्या, बागखात्याच्या, सगळ्यांना तिथलंच पेट्रोल. दहा हजार गॅलनची लोखंडी टाकी, माझ्या लग्नाच्याही आधी जमिनीत पुरलेली. टँकरने किती ओतलं, पंपातून किती गेलं आणि रोज सकाळी काठी बुडवून आत किती उरलेलं दिसलं, हे तीन आकडे महिनाअखेरीला जुळवायचं काम माझं. सार्वजनिक कामांच्या खात्यात मी बावीस वर्षं खुर्ची झिजवलेली. थोडीफार चूक सरकार माफ करतं. महिन्याच्या खपाचा शेकडा एक भाग, अधिक एकशेतीस गॅलन. आमच्यासाठी ते साधारण दोनशे दहा होतं. त्याहून जास्त तूट लागोपाठ दोन महिने आली, तर चोवीस तासांच्या आत राज्याला कळवायचं, की आमची टाकी गळत असावी असा संशय आहे. त्याचा छापील फॉर्म माझ्या डाव्या हाताच्या खणात असायचा.

जानेवारीत दोनशे तीस कमी आले होते, तेव्हा मी म्हटलं असेल बेरजेची चूक. फेब्रुवारीत तीनशे बारा. दोन महिने झाले. तारीख होती दोन मार्च. मी खण उघडला, फॉर्मकडे पाहिलं आणि खण लावून टाकला.

कारण टाकी गळत असेल हे माझ्या मनातच आलं नाही. माझ्या मनात आलं, कुणीतरी चोरतंय.

माझा स्वभावच तसा. दुकानात सुट्टे पैसे मी दोनदा मोजते, आणि कुणी न मागता केक आणून दिला तर त्याचं काय काम अडलंय ते आधी विचारते. माझा नवरा म्हणायचा, "रोझान, तू स्वर्गात गेलीस तरी दारवानाचं ओळखपत्र मागशील." पुढे तोच नवरा इतका खोटा निघाला, की माझा स्वभाव मला बरोबरच वाटायला लागला.

पेट्रोल चोरायचं तर किल्ली हवी. किल्ल्या दोन. एक कपाटात माझ्यापाशी, दुसरी ऑर्विल टेशच्या कमरेला.

ऑर्विल पंपावरचा माणूस. चौसष्ट वर्षांचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, वर्षअखेरीला निवृत्त होणार होता. सव्वीस वर्षं त्याने रोज सकाळी सहाला टाकीचं झाकण उघडून काठी सोडली होती. बर्फ पडो, वादळ येवो, आदल्या संध्याकाळी आपली टीम हरलेली असो. बारा फुटी लाकडी काठी, इंचाच्या आठव्या भागापर्यंत खुणा केलेली. तो ती हळूच उतरवत नसे. मुठीतून सरकू द्यायचा, ती सरसरत खाली जायची आणि तळाला टक् करून आदळायची. मग वर काढून ओली रेघ वाचायचा आणि शर्टाच्या खिशातल्या वहीत लिहायचा.

"टक् ऐकू आला नाही तर माप खोटं," असं तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा. "काठी तळाला टेकली की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, कानांना कळतं."

काठीच्या टोकाला तो एक मलमही लावायचा. पाण्याला लागलं की ते लाल होतं. टाकीत पाणी किती ते त्यावरून कळतं आणि ते वजा करायचं असतं. यार्डातल्या बाकीच्यांना त्या मलमाचा कंटाळा होता. ऑर्विलला कशाचाच कंटाळा नव्हता. एवढा नीटनेटका माणूस मला मुळातच पटत नसे.

मी पाळत ठेवायला लागले. माझ्या खिडकीतून पंप अर्धाच दिसतो, म्हणून मी फाइलींचं कपाट हलवून घेतलं. खात्याचा प्रमुख गार्थ लिंडक्विस्ट विचारता झाला, "काय गं, खोली सजवतेयस?"

"ऊन येत नव्हतं," मी म्हटलं.

"आपल्याकडे मार्चमध्ये ऊन? बाई, कुठून मागवलंस?"

गार्थ असाच. सगळ्याची थट्टा करायची आणि कशालाच हात लावायचा नाही. बावीस डिसेंबर एकोणीसशे अठ्ठ्याण्णव ही तारीख आम्हाला दहा वर्षं ठाऊक होती. त्या दिवसापर्यंत देशातल्या जुन्या टाक्या सुधारायच्या, नाहीतर उपसून काढायच्या. गार्थने दर वर्षी तो विषय नगर समितीपुढे ठेवला आणि समितीने दर वर्षी पुढे ढकलला. आता तारीख नऊ महिन्यांवर आली होती.

त्याच दिवसांत मिसेस क्रुपकेंचे फोन यायचे. ॲडलिन क्रुपके, वय ऐंशीच्या पुढे, घर यार्डाच्या कुंपणाला लागून, उताराच्या बाजूला. त्यांना कुत्र्यांचा त्रास होता, बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा त्रास होता, झेंड्याच्या दोरीच्या आवाजाचा त्रास होता. आता त्यांच्या तळघरात वास येत होता.

"मिसेस क्रुपके, शेजारी गाड्यांचं यार्ड आहे. पेट्रोलचा वास येणारच," मी म्हणायचे.

"बेचाळीस वर्षं राहतेय मी इथे, बाळ. यार्डाचा वास मला कळतो. हा तो नाही. हा खालून येतो."

"पाठवते कुणाला तरी."

"मागच्या वेळीही हेच म्हणालीस."

फोन ठेवला की मी चिठ्ठी लिहायचे आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचे. त्या खिळ्याला त्यांच्या चिठ्ठ्यांची जुडीच झाली होती. कुणाला पाठवायचं ते माझ्या हातात नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं तर मी गार्थला सांगितलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये ऑर्विल दोन आठवडे रजेवर गेला. दर वर्षी जायचा. त्या दिवसांत तळ्यातले चांदीसारखे बारके मासे किनाऱ्याला येतात आणि निम्मं शहर जाळी घेऊन थंड पाण्यात गुडघाभर उभं असतं. त्याच्या जागी ड्वेन नावाचा ड्रायव्हर काठी सोडायला लागला. महिनाअखेरीला मी आकडे जुळवले आणि खुर्चीत ताठ बसले.

तूट फक्त नऊ गॅलन.

ऑर्विल यार्डात नाही आणि पेट्रोल जागच्या जागी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी त्या नऊभोवती लाल शाईने गोल काढला.

मे महिन्याच्या पहिल्याच सकाळी यार्डात आरडाओरडा ऐकू आला. ऑर्विल काठी हातात घेऊन ड्वेनच्या अंगावर धावून गेला होता. मलम टोकापासून तीन इंचांपर्यंत लालभडक झालं होतं.

"झाकण उघडं ठेवलंस तू! पावसात! तीन इंच पाणी आहे आत, तीन इंच!"

"मी झाकण लावलं होतं, म्हाताऱ्या. आईची शप्पथ."

"मग पाणी काय देवदूतांनी ओतलं? आणि मलम का नाही लावलंस? पाणी पेट्रोल म्हणून लिहिलंस तू वहीत!"

मी खिडकीत उभी होते. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मला सगळं लख्ख दिसलं. पेट्रोल काढून घ्यायचं आणि पाणी ओतायचं. गवळ्याची जुनीच विद्या. बाहेर रजेचं सोंग, आणि आत काठी बरोबर उंचीला ओली. आणि आता तोच सर्वांत मोठ्याने ओरडतोय, म्हणजे कुणाला शंकाच नको.

पाणी उपसून टाकलं. मे महिन्याची तूट तीनशे चाळीस. जूनची तीनशे पंचावन्न. आणि जूनमध्येच ऑर्विलने बोटीला नवं इंजिन घेतलं. लालचुटुक. दुपारच्या सुट्टीत तो त्याचा फोटो दाखवत फिरत होता.

"छान आहे," मी म्हटलं. "परवडलं बरं तुला."

"विकलं काहीबाही घरातलं," तो म्हणाला आणि फोटो खिशात घातला.

मग दारातून परत वळला. "रोझान, ते गाळाचं गार्थला सांगितलंस का? मी मार्चपासून सांगतोय. काठीचा आवाज बदललाय. पूर्वी टक् व्हायचा, आता धप् होतो. तळाला गाळ बसलाय, टाकी धुवायला हवी."

"सांगते," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, हा टाकी रिकामी करून धुवून मागतोय. पुरावाच नको!

जुलैमध्ये मी गार्थच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सहा महिन्यांचे कागद त्याच्यापुढे मांडले. एप्रिलमधले लाल नऊ दाखवले. पाणी, इंजिन, किल्ली, सगळं सांगितलं. माझा आवाज कापत होता, पण रागाने नव्हे. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता.

गार्थने पहिल्यांदाच थट्टा केली नाही. त्याने विचारलं, "राज्याला कळवलंयस?"

"नाही. गळती असती तर एप्रिलमध्ये थांबली कशी असती? टाकी काय सुट्टीवर जाते?"

"बरोबर," तो सावकाश म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्यासारखं दिसलं. "गळतीचा संशय लिहिला की पंप बंद, तपासणी, खोदकाम, वर्तमानपत्र. चोरी ही घरातली गोष्ट. तुटीच्या कारणात तेच लिही. चोरीचा संशय, चौकशी चालू."

मी लिहिलं. दर महिन्याच्या कागदावर, जानेवारीपासून, माझ्या सुवाच्य अक्षरात. एक प्रत ऑर्विलच्या फाइलीत लावली.

त्याला कुणी तोंडावर चोर म्हटलं नाही. त्याची किल्ली काढून घेतली आणि रस्त्यावरच्या पाट्या कापायच्या शेडमध्ये बसवलं. गार्थ म्हणाला, कामाची नवी वाटणी आहे. पण आमच्या गावात शुक्रवारी सगळे मासे खायला त्याच दोन-तीन ठिकाणी जातात. त्या शुक्रवारी ऑर्विल आला तेव्हा त्याच्या नेहमीच्या टेबलावर लोक जरा जास्तच पसरून बसले. तो उभ्या उभ्या पुडा बांधून घेऊन गेला. ते मी माझ्या टेबलावरून पाहिलं आणि कोबीची कोशिंबीर खात राहिले.

किल्ली द्यायला तो माझ्याकडेच आला होता. काठीही सोबत घेऊन आला होता, बारा फुटी काठी जिन्याच्या वळणातून तिरपी करत.

"ड्वेनला सांग, हळूच टेकवू नकोस म्हणावं. सोडायची. टक् व्हायला हवा."

"तूच म्हणालास ना, आता टक् होत नाही?"

"म्हणून तर ऐकायला हवं." तो माझ्याकडे बघत राहिला. "रोझान, बावीस वर्षं आपण एका गाडीतून युनियनच्या सहलीला गेलोय. तुला काही विचारायचं असेल तर विचार ना मला."

मला विचारता आलं असतं. मी म्हटलं, "काठी कोपऱ्यात ठेव."

ऑगस्टची तूट तीनशे सत्तर. ऑर्विलकडे किल्ली नव्हती, म्हणजे त्याने दुसरी करून घेतली असणार. मी कुलूप बदललं. सप्टेंबरमध्ये तीनशे नव्वद. म्हणजे ड्वेन त्याला सामील. दोघं गुरुवारी पत्ते खेळायला एकत्र बसायचे, मला ठाऊक होतं. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की त्याला खायला कमी पडत नाही. मी ड्वेनवर पाळत ठेवायला लागले. एक दिवस गार्थच्या गाडीतला पेट्रोलचा काटाही तपासला.

मिसेस क्रुपकेंचा फोन आला, की तळघरातल्या लोणच्यांच्या बरण्यांची झाकणंसुद्धा वास मारतायत. मी चिठ्ठी टोचली.

ऑक्टोबरच्या मध्यावर शेवटी समितीला तारीख आठवली आणि टाकी उपसायला माणसं आली. गावात खड्डा खणला जातो म्हणजे बघे जमतातच. कुंपणापाशी पाट्यांच्या शेडमधली माणसंही उभी होती, त्यांच्यात ऑर्विल. मी मुद्दाम पुढे जाऊन उभी राहिले. टाकी बाहेर आली की दडवलेली नळी, चोरजोडणी, काहीतरी सापडेल अशी माझी खात्री होती.

यंत्राने शेवटचा थर उचलला आणि आधी वास आला. पंपावर येतो तसा नव्हे. ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा मिळून एक कुजका, गोडसर वास, तोंडात जाऊन बसणारा. खड्ड्याची उताराकडची भिंत काळीनिळी होती. साखळ्यांनी टाकी वर उचलली, ती हवेत हलकेच फिरली आणि तिच्या पोटातून पाण्यासारखी धार लागली. एकाच ठिकाणाहून.

खोदकामाचा मुकादम वाकून पाहू लागला. मग त्याने आम्हाला बोलावलं.

भोक चार आण्यांच्या नाण्याएवढं होतं. गोल, गुळगुळीत कडांचं, गंजाचं नव्हे.

"काठीचं भोक," तो म्हणाला. त्याला त्यात काही नवल वाटत नव्हतं. "जुन्या टाक्यांत नेहमी दिसतं. भरायच्या नळीच्या बरोब्बर खाली. रोज एकाच जागी काठी आदळते. वीस-तीस वर्षं. लोखंड तरी किती सोसेल? म्हणून तर हल्ली तिथे जाड पत्रा बसवतात."

"पण एप्रिलमध्ये गळती थांबली होती," मी म्हटलं. माझा स्वतःचाच आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला.

"बर्फ वितळलं की इथे जमिनीतलं पाणी चढतं. बाहेरचा दाब जास्त झाला की पेट्रोल आतच राहतं, उलट पाणी आत येतं. पाणी सापडलं नव्हतं का कुणाला तुमच्यात?"

सापडलं होतं. तीन इंच.

लोक बाजूला झाले. ऑर्विल कुंपण ओलांडून आला होता. त्याने ड्वेनच्या हातातून काठी घेतली. कुणी त्याला अडवलं नाही. लटकणाऱ्या टाकीखाली जायला मनाई असते, तरी मुकादमसुद्धा काही बोलला नाही. ऑर्विलने काठीचं झिजलेलं टोक त्या भोकाला खालून लावलं. ते आत गेलं, जराही न अडता, एखादं कुलूप आपल्या किल्लीला ओळखतं तसं. त्याने ती बाहेर काढली, टोक फडक्याने पुसलं, सव्वीस वर्षांची सवय, आणि काठी टाकीला टेकवायच्या ऐवजी गवतावर आडवी ठेवली. मग तो शेडकडे चालत गेला.

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. सोबत बदामाचा वेटोळ्यासारखा केक नेला होता, आणि दारात उभी असताना मला कळलं की हाच तो न मागता आणलेला केक. त्याने दार उघडलं, केककडे पाहिलं आणि मला आत येऊ दिलं.

बैठकीच्या खोलीत एका भिंतीशी गालिच्यावर चार खोल खळगे होते. तिथे त्याच्या बायकोचा पियानो असायचा. नाताळात आम्ही तिथे गायलो होतो. आता बोटीचं नवं इंजिन कशातून आलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"ऑर्विल, मी तुला चोर ठरवलं," मी म्हटलं. "मीच. गार्थने नाही. मला माफ कर."

"ठाऊक होतं मला. तुझी खिडकी दिसते पंपावरून."

"तू काही बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस." तो खुर्चीत बसला. हात गुडघ्यांवर ठेवले आणि त्या हातांकडेच बघत राहिला. "एक सांगू? तुम्ही चोर म्हणत होतात तेव्हा मला वाईट वाटलं, पण झोप लागत होती. कारण ते खोटं होतं. हे भोक खरं आहे, रोझान."

"तुला काय ठाऊक होतं! कुणालाच—"

"तरण्याताठ्यांना मी शिकवलं की हळू टेकवू नका. सोडा. आदळू दे." त्याने मूठ उघडली आणि मिटली. "काल क्रुपके बाईंच्या बरण्या काढून दिल्या तळघरातून. त्यांना घर सोडायला लावलंय. बहिणीकडे जातायत. एकशे अठरा बरण्या, सगळ्या फेकल्या. मी म्हटलं त्यांना, बाई, हे माझ्या हातानं झालंय. त्या म्हणाल्या, मला कुणाच्या हातानं झालं ते नको सांगू, मला सांग, मी इतके फोन केले ते कुणी ऐकले का?"

त्याला ठाऊक नव्हतं, की ते फोन कुठे गेले. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. केक त्याने कापला नाही.

दुसऱ्या दिवशी गार्थने मला बोलावलं. पुढ्यात तोच फॉर्म होता, माझ्या डाव्या खणातला.

"राज्याचा माणूस सोमवारी येतोय. एवढं भरून टाक. गळतीचा संशय पहिल्यांदा कधी आला तिथे खोदकामाची तारीख घाल."

"आणि तूट? नऊ महिन्यांची?"

"तिचं कारण कागदावर आहेच की. तुझ्याच अक्षरात."

"गार्थ, चोरी झालीच नाही. ते कागद ऑर्विलच्या फाइलीत आहेत. ते काढायला हवेत."

"काढले तर तूट कशाची होती? मार्चपासून गळतीची होती, आणि आपण चोवीस तासांत कळवायचं सोडून आठ महिने बसून राहिलो, असं म्हणायचंय तुला?" तो जरा पुढे झुकला. "थोडी चोरी असेल, थोडी गळती असेल. कोण मोजायला जातंय? म्हातारा डिसेंबरात घरी जाणार. त्याला काय फरक पडतो?"

"त्याला पडतो."

"आणि तुला हे किती महागात पडेल ते ठाऊक आहे ना? कळवायची सही तुझी आहे, माझी नाही. बघ बाई, तुझं तू." आणि मग तो पुन्हा थट्टेवर आला. "कपाट हलवायच्या आधी तरी माझा सल्ला घेत जा."

मी फॉर्म घेऊन टेबलाशी आले. माझी निवृत्ती आठ वर्षांवर होती. खोदकामाची तारीख लिहिली असती, तर माझं काहीच बिघडलं नसतं. ऑर्विल टेश नावाचा माणूस त्याच्या फाइलीत कायमचा संशयित चोर राहिला असता, एवढंच.

संशय पहिल्यांदा कधी आला, या रकान्यात मी दोन मार्च लिहायला घेतलं. त्या दिवशी मी खण उघडून बंद केला होता. त्याखाली दुसरा रकाना होता: प्रथम कोणाच्या लक्षात आलं, आणि काय. मी माझं नाव लिहिणार, एवढ्यात हात थांबला. दोन मार्चला मला संशय आला होता तो माणसाचा. टाकीचा संशय मला कधी आलाच नाही. तो दुसऱ्याच कुणाला आला होता.

मी उठले आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून जुडी काढली. सोळा चिठ्ठ्या होत्या. सगळ्यांत खालची, भिंतीला टेकलेली, अकरा जानेवारीची होती. मी दोन मार्च खोडलं, तिथे अकरा जानेवारी घातलं आणि खालच्या रकान्यात लिहिलं: ॲडलिन क्रुपके, शेजारी. तुटीच्या प्रत्येक कागदावरची चोरीची ओळ खोडून त्यावर सही केली. त्या सगळ्यांची एक एक प्रत ऑर्विलच्या फाइलीत लावली आणि चिठ्ठ्यांची जुडी राज्याच्या माणसासाठी फॉर्मला टाचली.

टाचताना खालची चिठ्ठी वर आली आणि मी ती नीट वाचली. अक्षर माझंच. "मिसेस क्रुपके. तळघरात पुन्हा वास."

पुन्हा, असं लिहिलं होतं मी. म्हणजे त्याआधीही एकदा तरी त्यांचा फोन आला होता, आणि त्या वेळी मी चिठ्ठीसुद्धा लिहिली नव्हती.